रोजची गोळी, आठवड्याची गोळी: मेथोट्रेक्सेट विषबाधेची नोंद आणि कोडिंग

हे प्रकरण निवासी डॉक्टर, परिचारिका आणि मेडिकल रेकॉर्ड विभागातील कोडर यांच्या प्रशिक्षणासाठी रचले आहे. रुग्ण, कुटुंब आणि रुग्णालय काल्पनिक आहेत. औषध, मात्रा, आयसीडीचे (आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे) कोड आणि कायद्याची कलमे मात्र जशी आहेत तशीच दिली आहेत. कोड जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० आवृत्तीचे आहेत. अमेरिकी आवृत्तीत जिथे फरक पडतो तिथे तसे सांगितले आहे.

रुग्ण

जत तालुक्याच्या पूर्व भागातील गावच्या एक आजी, वय ६२, शनिवारी सकाळी मिरजेतील एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत आल्या. तोंडभर फोड, गिळताना आग, आदल्या दिवसापासून ताप आणि अंगावर जांभळे ठिपके. चार वर्षांपासून रुमेटॉइड संधिवात, आरए फॅक्टर पॉझिटिव्ह. घरात कन्नड बोलतात, आजींना मराठी समजते पण बोलताना अडखळतात. बरोबर मुलगा होता. औषधे काढून देण्याचे काम घरी सूनबाईंकडे होते आणि त्या आल्या नव्हत्या.

ताप १०२ फॅरनहाइट, रक्तदाब १००/६०. हिमोग्लोबिन ७.६, पांढऱ्या पेशी १,१००, त्यात न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पेशी) ३५ टक्के, म्हणजे प्रत्यक्ष न्यूट्रोफिल ४००च्याही खाली. प्लेटलेट २२,०००. क्रिएटिनिन २.१, तीन महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टवर तेच ०.९ होते.

कॅज्युअल्टीच्या कागदावर लिहिले गेले: 'आरएची जुनी रुग्ण, एमटीएक्स चालू, तोंडात फोड व ताप, ड्रग रिअ‍ॅक्शन?' एमटीएक्स म्हणजे मेथोट्रेक्सेट, मुळात कर्करोगविरोधी, संधिवातात आठवड्यातून एकदा घ्यायचे औषध. मेडिसिन वॉर्डात गेल्यावर निदान झाले 'एमटीएक्स टॉक्सिसिटी, पॅन्सायटोपेनिया', म्हणजे औषधाची विषारी बाधा आणि तिन्ही प्रकारच्या रक्तपेशी घटणे.

उपचार वेळेत सुरू झाले आणि बरोबर होते. मेथोट्रेक्सेट बंद, ल्युकोव्होरिन १५ मिलिग्रॅम दर सहा तासांनी शिरेतून, पाइपरासिलिन-टॅझोबॅक्टम हे प्रतिजैविक मूत्रपिंडाच्या हिशेबाने, पांढऱ्या पेशी वाढवणारे फिल्ग्रास्टिम ३०० मायक्रोग्रॅम रोज त्वचेखाली, रक्ताच्या दोन पिशव्या आणि प्लेटलेट. ब्लड कल्चरमध्ये काही वाढले नाही. सातव्या दिवशी न्यूट्रोफिल हजाराच्या वर गेले, तोंडातले फोड सुकू लागले, क्रिएटिनिन १.२वर आले. अकराव्या दिवशी घरी.

उपचाराच्या तक्त्यातील एक चूक मात्र नोंदवायला हवी. दुसऱ्या दिवशी औषधांचा तक्ता नव्या पानावर उतरवताना 'फोलिनिक ॲसिड' ऐवजी 'फोलिक ॲसिड' लिहिले गेले. संध्याकाळच्या राउंडला सिस्टरांच्या ते लक्षात आले म्हणून मात्रा चुकली नाही. मेथोट्रेक्सेट ज्या विकराला अडवते, त्या डायहायड्रोफोलेट रिडक्टेजमधून गेल्याशिवाय फोलिक ॲसिड कामाचे होत नाही. ल्युकोव्होरिन म्हणजे फोलिनिक ॲसिड त्या अडथळ्याच्या पुढच्या टप्प्यावर मिळते. विषबाधेत साधी फोलिकची गोळी हा उतारा नाही. म्हणून तक्त्यावर 'ल्युकोव्होरिन' हेच नाव लिहावे, 'फोलिनिक' लिहूच नये. 'एमटीएक्स' या संक्षेपाचेही तसेच आहे. तो मायटोझँट्रोन या दुसऱ्याच कर्करोगविरोधी औषधाशी गल्लत करतो आणि औषधसुरक्षेच्या याद्यांमध्ये टाळण्याच्या संक्षेपांत मोडतो. केसपेपरवर पूर्ण नाव लिहायला दोन सेकंद लागतात.

तिसऱ्या दिवशीची पिशवी

सोमवारी मुलगा घरून औषधांची प्लास्टिक पिशवी घेऊन आला. दुपारच्या पाळीच्या सिस्टरांनी ती पलंगावर रिकामी करून मोजणी केली. या प्रकरणातली सर्वांत मोलाची नोंद हीच, आणि ती डॉक्टरांच्या पानावर नव्हे, परिचारिकेच्या पानावर होती.

मूळ चिठ्ठी मिरजेतल्या तज्ज्ञांची: मेथोट्रेक्सेट १० मिलिग्रॅम दर रविवारी एक, फोलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम रविवार सोडून रोज एक. शेवटची खरेदी गावाजवळच्या मेडिकलमधून, बिलावर सोमवारची तारीख, दोन्ही औषधांच्या दहा-दहा गोळ्या. पिशवीत मेथोट्रेक्सेटची स्ट्रिप पूर्ण रिकामी होती. फोलिकच्या दहापैकी नऊ गोळ्या शिल्लक होत्या.

खरेदीच्या सोमवारपासून दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारपर्यंत अकरा दिवस होतात. चिठ्ठीप्रमाणे घेतले असते तर या अकरा दिवसांत मेथोट्रेक्सेटची एक आणि फोलिकच्या दहा गोळ्या संपल्या असत्या. संपल्या होत्या नेमक्या उलट: मेथोट्रेक्सेटच्या दहा, फोलिकची एक. पहिल्या आठवड्यात सोमवार ते शनिवार सहा, रविवारी फोलिक, मग सोमवार ते गुरुवार चार. अकरा दिवसांत १० मिलिग्रॅम जायला हवे होते तिथे १०० मिलिग्रॅम गेले. शुक्रवारी ताप आला, शनिवारी रुग्णालय.

हे घडते कसे, याची उत्तरे पिशवीतच होती. दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळ्या. स्ट्रिप कात्रीने कापलेल्या, त्यामुळे एकीवर नावाचा तुकडाच आलेला नाही. मात्रा लिहिलेली होती ती कागदी पुड्यांवर, बॉलपेनने, '१ रोज' आणि '१ रविवारी'. गोळ्या पुड्यांत टाकताना दुकानात अदलाबदल झाली की घरी डबीत भरताना, हे पिशवीवरून ठरत नाही. यात भर म्हणजे मेथोट्रेक्सेटच्या काही ब्रँडच्या नावातच 'फोलि' हा तुकडा आहे. ते नाव ऐकून फोलिक समजणारा माणूस चुकला म्हणता येत नाही.

सिस्टरांची नोंद अशी होती: 'मुलगा सांगतो, आई रोज सकाळी पिवळी गोळी घेते, रविवारी दुसरी. त्याने स्वतः पाहिलेले नाही, पत्नीने फोनवर सांगितले. स्ट्रिप मोजल्या.' पुढे वरचेच आकडे, वेळ आणि सही. कोणी सांगितले, सांगणाऱ्याने स्वतः पाहिले की ऐकले, कशावरून ताडून पाहिले, हे तिन्ही एका नोंदीत आले. अशी नोंद न्यायालयातही उभी राहते.

त्याच दिवशी रक्तातील मेथोट्रेक्सेटची पातळी तपासायला बाहेर पाठवली गेली. दोन दिवसांनी रिपोर्ट आला: मोजण्याइतकी नाही. राउंडच्या नोंदीत एका ओळीत लिहिले गेले, 'लेव्हल निरंक, टॉक्सिसिटी शंकास्पद.' ही ओळ खोडून काढावी अशी नव्हे, पण तिच्यापुढे वरिष्ठांचे स्पष्टीकरण हवे होते. थोड्या थोड्या मात्रेत रोज गेलेले मेथोट्रेक्सेट रक्तातून लवकर निघून जाते, पण पेशींच्या आत पॉलिग्लुटामेट रूपात साठून राहते आणि तिथे काम करत राहते. शेवटच्या गोळीनंतर चार दिवसांनी पातळी न सापडणे यावरून विषबाधा झाली नाही असे ठरत नाही. हे न लिहिल्यामुळे फाइल वाचणारा विमा कंपनीचा डॉक्टर पुढे नेमके याच ओळीवर बोट ठेवतो.

पहिले कोडिंग आणि ते का चुकले

डिस्चार्ज कार्डावरचे अंतिम निदान असे उतरले: 'मेथोट्रेक्सेटमुळे अस्थिमज्जा दमन, पॅन्सायटोपेनिया, न्यूट्रोपेनियासह ताप, तोंडातील म्युकोसायटिस, तीव्र मूत्रपिंड इजा, रुमेटॉइड संधिवाताची जुनी रुग्ण.' कोडरने यावरून मुख्य निदान डी ६१.१, औषधजन्य ॲप्लास्टिक ॲनिमिया (अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणे मंदावणे), घेतले. त्याला वाय ४३.१, म्हणजे कर्करोगविरोधी अँटिमेटाबोलाइटचा उपचारादरम्यानचा प्रतिकूल परिणाम, हा बाह्य कारणाचा कोड जोडला. डिस्चार्ज कार्डापुरते पाहिले तर कोडरचे काही चुकले नाही. 'औषधामुळे' एवढेच लिहिले असेल तर प्रतिकूल परिणाम समजणे स्वाभाविक आहे.

आयसीडी-१०च्या तिसऱ्या खंडात औषधे आणि रसायनांचा तक्ता असतो. त्यात मेथोट्रेक्सेटच्या ओळीत पाच रकाने भरलेले आहेत: विषबाधा टी ४५.१, अपघाती एक्स ४४, हेतुपुरस्सर स्वतःला इजा एक्स ६४, हेतू अनिश्चित वाय १४, उपचारातील प्रतिकूल परिणाम वाय ४३.१. औषध एक, शरीरावरचे परिणाम तेच, तरी पाच रकाने. कोणता लागू होतो हे रक्ताचा रिपोर्ट सांगत नाही. गोळी कशी घेतली गेली, ही एकच गोष्ट ते ठरवते.

वाय ४० ते वाय ५९ हा गट फक्त एकाच परिस्थितीसाठी आहे: योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य पद्धत, तरीही त्रास. मात्रा चुकली, औषध बदलले, वेळ चुकली, चुकीच्या माणसाने घेतले, की तो प्रसंग एक्स ४० ते एक्स ४९ या अपघाती विषबाधेच्या गटात जातो. वर्गीकरणातच लिहिले आहे की औषधाचा अपघाती अतिरेक आणि चुकून दिलेले वा घेतलेले औषध याच गटात धरावे. चूक डॉक्टरची, औषध विक्रेत्याची, परिचारिकेची की रुग्णाची, याने कोड बदलत नाही. वाय ६३, म्हणजे वैद्यकीय उपचारादरम्यान मात्रेतील त्रुटी, हा कोड अशा वेळी मोहात पाडतो. पण चुकून दिलेला अतिरेक त्यातून स्पष्टपणे वगळून एक्स ४० ते एक्स ४४ कडे पाठवला आहे.

'टॉक्सिसिटी' लिहून डॉक्टर मोकळे होतात, कारण उपचाराला तेवढे पुरते. कोडिंगला पुरत नाही. डिगॉक्सिन, लिथियम, फेनिटॉइन, वॉरफरिन या सर्वांत हीच अडचण येते: योग्य मात्रेवर मूत्रपिंड बिघडल्याने पातळी वाढली तर प्रतिकूल परिणाम, दुप्पट गोळ्या गेल्या तर विषबाधा.

सांगली जिल्ह्यात या चुकीला आणखी एक स्थानिक कारण आहे. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज या द्राक्षपट्ट्यात विषबाधा म्हटले की डोळ्यापुढे कीटकनाशक येते. कॅज्युअल्टीचे छापील नमुनेही त्याच अंगाने केलेले असतात: बाटलीचे नाव, वास, बाहुल्यांचा आकार, तोंडाला फेस, ॲट्रोपिन कधी सुरू केले. ऑर्गेनोफॉस्फरससाठी तो नमुना उत्तम आहे आणि टी ६०.० लावायला त्यातून सगळे मिळते. डॉक्टरने लिहून दिलेली गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्या आजी त्या नमुन्यात बसतच नाहीत. म्हणून त्यांच्यासाठी कोणी 'विषबाधा' हा शब्द उच्चारत नाही, एमएलसी (पोलिसांना कळवायचे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण) होत नाही आणि कागद 'रिअ‍ॅक्शन'च्या बाजूला झुकत जातो.

याचा फटका आकडेवारीपुरता नाही. 'मेथोट्रेक्सेटमुळे अस्थिमज्जा दमन' असे कार्ड हातात आले की पुढचा डॉक्टर ॲलर्जीच्या रकान्यात मेथोट्रेक्सेट लिहितो आणि औषध कायमचे बंद होते. या आजींना तेच औषध योग्य मात्रेत चार वर्षे लागू पडले होते. सांधे वाकले नव्हते. औषध निर्दोष होते, घेण्याची पद्धत चुकली होती. कार्ड चुकीचे राहिले असते तर त्यांचा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपचार एका ओळीमुळे हातून गेला असता. कोडिंगच्या वर्गात आम्ही यावर सर्वाधिक वेळ घालवतो, आणि घालवायलाच हवा.

प्रश्नपत्र

कोडरने फाइल मागून-पुढून चाळली तेव्हा परिचारिकेची नोंद सापडली. परिचारिकेच्या नोंदीवरून कोडरने परस्पर निदान बदलायचे नसते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लेखी प्रश्न विचारायचा असतो. प्रश्न असा हवा की त्यात उत्तर दडलेले नसेल. 'ही अपघाती विषबाधा आहे ना?' हा प्रश्न चालणार नाही. पाठवलेला मजकूर असा होता:

'अंतिम निदानात मेथोट्रेक्सेटमुळे अस्थिमज्जा दमन असे नमूद आहे. तिसऱ्या दिवशीच्या परिचारिका नोंदीत गोळ्यांची मोजणी व मुलाचे कथन आहे, पान सोबत जोडले आहे. मूळ चिठ्ठीची प्रतही जोडली आहे. आपल्या वैद्यकीय मतानुसार पुढीलपैकी काय लागू होते ते लिहावे: औषध चिठ्ठीप्रमाणे घेतले असताना झालेला परिणाम, औषध चिठ्ठीपेक्षा वेगळ्या मात्रेत किंवा वेळी घेतल्याने झालेला परिणाम, आणि तसे असल्यास हेतू, अन्य काही, ठरवता येत नाही.'

डॉक्टरांनी उत्तर पुरवणी नोंद म्हणून केसपेपरवर लिहिले. जुनी ओळ खाडाखोड न करता तशीच ठेवली, खाली 'पुरवणी नोंद' असा मथळा, त्या दिवसाची खरी तारीख आणि वेळ, मग मजकूर: 'रुग्णाने मेथोट्रेक्सेट १० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा घेण्याऐवजी फोलिक ॲसिडशी अदलाबदल होऊन आठवड्यातून सहा दिवस घेतले. अकरा दिवसांत अंदाजे १०० मिलिग्रॅम. आधार: चिठ्ठी, खरेदीचे बिल, गोळ्यांची मोजणी, सुनेचे कथन. रुग्णाशी नातेवाइकांच्या अनुपस्थितीत, कन्नड जाणणाऱ्या परिचारिकेच्या मदतीने बोललो. स्वतःला इजा करण्याचा हेतू नव्हता असे रुग्ण सांगते, मनोविकारतज्ज्ञांचे मतही तसेच. रक्तातील पातळी न सापडणे या निदानाच्या विरोधात नाही. निदान: मेथोट्रेक्सेटची अपघाती विषबाधा.' सही, नाव, नोंदणी क्रमांक. दुभाषा परिचारिकेचेही नाव.

रुग्णाशी एकांतात बोलणे हा उपचार नाही, नोंद नाही, म्हणून सहसा राहूनच जाते. मुलगा शेजारी उभा असताना 'चुकून घेतली' याखेरीज दुसरे उत्तर मिळण्याची शक्यता कमी. सूनबाई गोळ्या काढून देतात हे कळल्यावर तर अधिकच काळजी हवी. संशय घेण्यासाठी नव्हे. नोंदीतला एक सैल शब्द त्या बाईला पुढे पोलीस ठाण्याच्या फेऱ्या मारायला लावू शकतो. 'सुनेने चुकीची गोळी दिली' आणि 'घरी गोळ्यांची अदलाबदल झाली, कोणत्या टप्प्यावर ते निश्चित नाही' या दोन वाक्यांत फार अंतर आहे. दुसरेच वाक्य उपलब्ध पुराव्याशी प्रामाणिक आहे.

मूत्रपिंडाबद्दलही एक प्रश्न गेला. आजी सांधेदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या घेत होत्या, असे दाखल कागदावर कोपऱ्यात लिहिलेले होते. वेदनाशामके मेथोट्रेक्सेटचे उत्सर्जन मंदावतात आणि मूत्रपिंडालाही त्रास देतात. पण डॉक्टरांनी तसा संबंध जोडला नाही, त्यामुळे कोडरनेही तो जोडला नाही.

अंतिम कोड

मुख्य निदान टी ४५.१, कर्करोगविरोधी व रोगप्रतिकारदमन औषधांची विषबाधा.
बाह्य कारण एक्स ४४.०, अन्य औषधांची अपघाती विषबाधा. चौथ्या स्थानचा शून्य म्हणजे घटनास्थळ घर.
पुढे परिणाम: डी ६१.१, के १२.३ (तोंडातील म्युकोसायटिस), एन १७.९ (तीव्र मूत्रपिंड निकामी).
मूळ आजार एम ०५.९.

हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट यांना तीन स्वतंत्र कोड लावून यादी फुगवली नाही. तिन्ही एकाच अस्थिमज्जा दमनाची अंगे आहेत. विषबाधेचा कोड आधी आणि परिणाम नंतर, हा क्रम महत्त्वाचा. पुण्यातल्या कंपन्यांत अमेरिकी फाइल्सवर काम करणाऱ्या कोडरांना हेच टी ४५.१ एक्स १ ए असे सात अक्षरी दिसेल. तिथे हेतू सहाव्या अक्षरातच येतो, म्हणून वेगळा एक्स ४४ लागत नाही: १ अपघाती, २ हेतुपुरस्सर, ३ दुसऱ्याने केलेले, ४ अनिश्चित, ५ प्रतिकूल परिणाम, ६ कमी मात्रा. सहावे अक्षर ५ असेल तेव्हा क्रम उलटतो, आधी परिणाम आणि मग औषध.

हेतूबद्दल सर्वांत जास्त होणारी चूक इथे सांगितलीच पाहिजे. फाइलमध्ये हेतूचा उल्लेखच नाही म्हणून वाय १४ लावायचा नसतो. तो गट 'उपलब्ध माहितीवरून वैद्यकीय किंवा कायदेशीर अधिकाऱ्याला हेतू ठरवता आला नाही' यासाठी आहे. विषबाधा आहे पण हेतू नमूद नाही, अशा वेळी आयसीडी-१० तिला अपघाती गटात टाकते. म्हणजे डॉक्टरने मौन पाळले की आत्महत्येचा प्रयत्नही आकडेवारीत अपघात म्हणून जातो. म्हणून मौनावरून कोड ठरवण्याऐवजी प्रश्नपत्र पाठवावे.

एमएलसी

विषबाधेचा संशय असलेली प्रत्येक केस, हेतू कोणताही असो, एमएलसी म्हणून नोंदवण्याची आपल्याकडची रीत आहे. 'औषधाचीच तर चूक आहे' म्हणून ती टाळू नये. या प्रकरणात पहिल्या दिवशी नोंदवण्यासारखी माहिती नव्हती. तिसऱ्या दिवशी मिळाली. एमएलसी दाखल झाल्यावरही करता येते. नोंदवहीत रुग्ण दाखल झाल्याची वेळ वेगळी आणि विषबाधेची माहिती कळल्याची वेळ वेगळी लिहायची. मागची तारीख टाकायची नाही. उशीर समजावून सांगता येतो, मागची तारीख समजावून सांगता येत नाही.

जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी यादी, म्हणजे सूचनापत्र, गेले. घटना जत तालुक्यातील असल्याने पुढील कागद तिकडच्या ठाण्याकडे वर्ग करणे हे पोलिसांचे काम. रिकामी स्ट्रिप, नऊ गोळ्यांची स्ट्रिप, दोन्ही कागदी पुड्या आणि बिल पाकिटात घालून सील केले आणि हवालदाराच्या सही व बक्कल नंबरनिशी पोच घेतली. त्याआधी सर्व वस्तूंचे फोटो काढून प्रती फाइलमध्ये लावल्या. पोट धुऊन नमुना ठेवण्याचा प्रश्न शेवटच्या गोळीनंतर चार दिवसांनी उरला नव्हता, आणि 'गॅस्ट्रिक लॅव्हाज केले नाही, कारण कालावधी उलटला' ही ओळही लिहिली गेली. न केलेल्या गोष्टीचे कारण लिहिले नसेल तर ते दुर्लक्ष समजले जाते.

नातेवाईक घाबरतात. पोलीस म्हटले की मुलगा 'डॉक्टर, राहू द्या, आमचीच चूक' म्हणू लागतो. त्याला बसवून सांगावे लागते की एमएलसी म्हणजे गुन्हा नोंदवणे नव्हे, ती माहिती देणे आहे. हेतू आत्महत्येचा असता तरी मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षेऐवजी उपचार देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते.

औषधनिगराणीचा अर्ज वेगळा. भारतीय औषधकोश आयोग, गाझियाबाद येथून चालणाऱ्या फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे संशयित प्रतिकूल परिणाम कळवता येतो; टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. अर्जात मात्रा 'लिहून दिलेली' आणि 'घेतलेली' अशी दोन्ही लिहावी, नाहीतर तिथेही योग्य मात्रेवरच त्रास झाला असे वाचले जाईल.

आजी दगावल्या असत्या तर

हा भाग वर्गात विचारला जातोच. मृत्यूच्या आकडेवारीत मूळ कारण म्हणून बाह्य कारण, म्हणजे एक्स ४४, घेतले जाते आणि टी ४५.१ त्याच्या जोडीला राहतो. दाखल रुग्णाच्या मृत्यूच्या कारणाचा नमुना क्रमांक ४ भरताना भाग एकमध्ये तात्काळ कारण सेप्टिक शॉक, त्याखाली न्यूट्रोपेनियासह अस्थिमज्जा दमन, त्याखाली 'मेथोट्रेक्सेटचा अपघाती अतिरेक, आठवड्याऐवजी रोज', आणि भाग दोनमध्ये रुमेटॉइड संधिवात, असा क्रम. सर्वांत खालची ओळ 'रुमेटॉइड संधिवात' अशी लिहिली तर मृत्यू संधिवाताच्या खात्यात जातो. मृत्यूचा प्रकार या रकान्यात 'नैसर्गिक' नव्हे. एमएलसी असल्याने भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली, जे १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ च्या जागी आले, पंचनामा आणि शवविच्छेदन. व्हिसेरा राखून ठेवला तर अंतिम मत रासायनिक विश्लेषणाच्या अहवालानंतर. तिथेही 'औषध आढळले नाही' असा अहवाल येऊ शकतो, आणि तेव्हा गोळ्यांच्या मोजणीचा कागदच बोलतो.

डिस्चार्ज कार्ड आणि पुढची चिठ्ठी

सुधारित कार्डावर निदान पुरवणी नोंदीप्रमाणे आले. ॲलर्जीच्या रकान्यात 'ज्ञात नाही'. त्याखाली वेगळी ओळ: 'औषध घेण्यात चूक, मेथोट्रेक्सेट, औषधाची असहिष्णुता नाही. पुन्हा सुरू करण्याचा निर्णय रक्त व मूत्रपिंड पूर्ववत झाल्यावर संधिवाततज्ज्ञांचा.' जुने कार्ड परत घेऊन 'रद्द' शिक्का मारून फाइलमध्येच ठेवले; फाडले नाही. रुग्णाने कागद मागितले तर वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार ७२ तासांत द्यायचे असतात आणि दाखल रुग्णांचे रेकॉर्ड किमान तीन वर्षे ठेवायचे असते. एमएलसीची फाइल प्रकरण निकाली निघेपर्यंत कुलपात राहते.

सहा आठवड्यांनी औषध पुन्हा सुरू झाले तेव्हा चिठ्ठीचा ढाचाच बदलला होता. औषधाचे मूळ नाव सुटसुटीत मोठ्या अक्षरांत, वाराचे नाव शब्दांत, 'रविवारी' आणि खाली त्याचे कन्नड रूप 'भानुवार'. मेथोट्रेक्सेट कशासाठी आणि फोलिक कशासाठी, हे एकेका ओळीत. फोलिक ॲसिड रोजऐवजी आठवड्यातून एकदा, बुधवारी ५ मिलिग्रॅम, म्हणजे रोज घ्यायची पिवळी गोळी घरात उरतच नाही. संख्या: मेथोट्रेक्सेट चार, फोलिक चार, चार आठवड्यांसाठी. कापलेली स्ट्रिप घेऊ नये, नाव दिसेल असा तुकडा मागून घ्यावा, हे सूनबाईंना समोर बसवून दाखवले आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घेतले. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला रक्ताची तपासणी, आणि तोंडात एकही फोड आला तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी फोन करायचा, हे चिठ्ठीवर लाल शाईत.